वाळवंटातली नदी कोरडी का, आणि तरी इतकी देखणी का?

गोव्यात नदी म्हटली की पाणी आलेच. मांडवीवर फेरीबोट सुटते, भरतीचे पाणी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशीला (बांधातल्या दारांना) येऊन भिडते, सत्तरीत म्हादई, म्हणजे वरची मांडवी, कुळागरांना लागून वाहते. एप्रिल-मेमध्ये व्हाळ आटतात, पण मोठ्या नदीत कुठे ना कुठे कोंड भरलेला असतोच. त्यामुळे राजस्थानातल्या लुणी नदीचा उन्हाळ्यातला फोटो समोर आला की आपल्याकडचा माणूस गोंधळतो. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नुसती वाळू, तिच्यातून गेलेल्या जीपच्या चाकोऱ्या, दूरवर झाडांची एक रांग, वर रंग उडालेले आभाळ. यात नदी कुठे आहे?

मला ती तिथे मांडवीपेक्षा स्पष्ट दिसते. पणजीच्या धक्क्यावर उभे राहून आपण पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा बघतो. तळाशी कुठला दगड कसा बसला आहे, गाळाचा थर केवढा आहे, जुना काठ कुठे होता, हे सगळे पाण्याखाली आणि झाडोऱ्याखाली झाकलेले असते. वाळवंटातल्या पात्रावर असले कसलेच आच्छादन नाही. पाण्याने केलेले काम तिथे उघड्यावर पडलेले असते आणि पुढचा पूर येईपर्यंत, मग तो दोन वर्षांनी येवो की दहा, बरेचसे तसेच राहते. त्या उजाडपणात जे सौंदर्य जाणवते ते मुख्यतः पाण्याचे आहे. हे नीट कळावे म्हणून हा लेख.

पाणी कुठून कुठे जाते

पावसाचे आकडे आधी सांगून टाकते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांग्यात त्याहून जास्त. जैसलमेरला २०० मिलिमीटरच्या आसपास. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात कुइसेब नदीच्या खालच्या टप्प्यात तर वर्षाला जेमतेम २०-२५ मिलिमीटर. त्यातच पश्चिम राजस्थानात उघड्यावरचे पाणी वर्षभरात दीड ते दोन मीटर उंचीइतके वाफ होऊन उडू शकते. जमेपेक्षा खर्च किती मोठा आहे, ते यावरून दिसते.

पण नदी कोरडी पडते ती केवळ पाऊस कमी म्हणून नाही. आपल्या नद्यांकडे आधी बघा. गोव्यात सप्टेंबरनंतर पाऊस जवळजवळ थांबतो, तरी म्हादई पुढे कित्येक महिने वाहत राहते. हे पाणी येते कुठून? ते जमिनीतून येते. पावसाळ्यात सड्यावरच्या सच्छिद्र जांभ्यात पाणी मुरते, खालच्या चिकण थराशी अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. केसरवाळचा किंवा पोंबुर्फाचा झर आपल्याला ठाऊक असतो तो त्याच्या थंडगार पाण्यामुळे, पण असे असंख्य लहान झर दिसतही नाहीत. ते काठातून, तळातून नदीत झिरपत असतात. आपल्याकडे भूजलाची पातळी नदीच्या पात्रापेक्षा उंच असते, म्हणून जमीन नदीला पाणी देते. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, शेतीसाठी व्हाळावर मातीचा बांध घालून पाणी पाटाने फिरवता येते ते याच भरवशावर.

वाळवंटात ही दिशा उलटी होते. तिथे भूजल पात्राच्या कितीतरी खाली असते. डोंगरात पाऊस पडून पाणी पात्रात आले की पहिल्या किलोमीटरपासून ते वाळूत मुरू लागते. तिथे नदीच जमिनीला पाणी देते. म्हणून आपल्या सवयीचा एक नियम तिथे मोडतो. आपल्याकडे नदी जसजशी समुद्राकडे जाते तसतशी मोठी होते. वाळवंटातली नदी जसजशी पुढे जाते तसतशी लहान होत जाते, आणि पुष्कळदा समुद्र लांब राहतो, ती वाटेतच संपते. लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, सुमारे ४९५ किलोमीटर नैऋत्येकडे जाते आणि कच्छच्या रणात विरून जाते.

तिच्या पाण्याची चवही वाटेत बदलते. बालोतरापर्यंत पाणी साधारण गोडे, तिथून पुढे खारट. कारण तेच, उडून जाणारे पाणी. पाणी वाफ होऊन वर जाते, त्यात विरघळलेले क्षार जाऊ शकत नाहीत. शिवाय वाळूच्या बारीक फटींतून खालचा ओलावा वर चढत राहतो आणि पृष्ठभागावर येऊन सुकतो. प्रत्येक वेळी थोडे मीठ मागे राहते. आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरात मिठगावडे उन्हाच्या बळावर जे घडवून आणतात ते लुणीच्या खालच्या पात्रात आपोआप घडते. फोटोत पात्राच्या कडेने पांढरी किनार दिसते ती याच मिठाची, आणि काही ठिकाणी जिप्समची.

पूर येतो कसा

माझ्या भाचीने मला फोनवर विचारले होते, "मावशी, पाऊस एवढा कमी, मग तिकडे पूर कसला येतो?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर कळल्याशिवाय वाळवंटाचे दृश्य कळत नाही.

आपल्याकडे पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मुळांनी भुसभुशीत झालेल्या मातीत शिरतो. जमीन पोटभर पाणी प्याल्यावर उरलेले ओहोळाला लागते. वाळवंटात थेंब थेट उघड्या जमिनीवर आदळतो. आधीच्या पावसाने आणि उन्हाने मातीवर एक कडक साय धरलेली असते, डोंगर तर नुसता खडक. तिथला पाऊस कमी असला तरी बऱ्याचदा एका ढगातून, तासा-दोन तासांत कोसळतो. जमिनीची पाणी पिण्याची गती आणि पावसाची गती यांचा मेळ बसत नाही. म्हणजे तहानलेल्या मुलखातच पाणी सर्वांत वेगाने वाहून जाते.

मग पात्रात पुराचे तोंड येते. कोरड्या वाळूवरून पुढे सरकणारे पहिले पाणी सतत मुरत असते, त्यामुळे त्याचा वेग मंदावतो. मागून ओल्या पात्रावरून येणारे पाणी त्याला गाठते आणि त्याच्यावर चढते. काड्या, शेण, फेस, माती घेऊन गढूळ पाण्याची एक पायरीच चालत येते. जिथे ती येते तिथे आभाळ निळे असू शकते, कारण पाऊस पडलेला असतो कित्येक किलोमीटर वर. २०२३ च्या जुलैत सत्तरीत पाळीच्या धबधब्यावर ओहोळाचे पाणी चढून दीडशेच्या आसपास पर्यटक पलीकडे अडकले होते. वरच्या पावसाचा अंदाज खाली उभ्या असलेल्याला येत नाही, हे आपल्या घाटातही खरे आहे. वाळवंटात तर सावध करायला आधी वाहणारी धारही नसते. जॉर्डनमधल्या पेट्रा या दगडात कोरलेल्या शहराची वाट सीक नावाच्या अरुंद घळीतून जाते. १९६३ च्या एप्रिलमध्ये त्या घळीत अचानक पूर येऊन वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक मेले. हा धोका तिथल्या नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखला होता. घळीच्या तोंडाशी धरण आणि पाणी वळवायला खडकातून बोगदा अशी व्यवस्था त्यांनी केली होती. काळाच्या ओघात ती निकामी झाली होती.

या पुराची ताकद मोजली गेली आहे. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात नाहल यातिर नावाचा असाच कोरडा प्रवाह आहे. तिथे लारोन आणि रीड या दोन शास्त्रज्ञांनी पात्राच्या तळात खड्डे करून, त्यात यंत्रे बसवून, पुरात तळाशी घरंगळणाऱ्या दगडगोट्यांचे वजन घेतले. १९९३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की बारमाही नद्यांच्या तुलनेत अशा नद्या जाड खडी वाहून नेण्यात चारशेपटींपर्यंत जास्त कार्यक्षम असतात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकले. कारण मात्र सरळ आहे. सतत वाहणारी नदी तळातली बारीक वाळू रोज थोडी थोडी धुऊन नेते; वर जाड गोट्यांचा एक थर उरतो आणि तो खालच्या मालाला कवचासारखा जपतो. मधूनच येणाऱ्या पुराला असे कवच घडवायला वेळच मिळत नाही. तो येतो, सगळे एकत्र उचलतो आणि काही तासांत ओसरताना तसेच मिसळलेले टाकून जातो. पुढच्या पुराला तळ पुन्हा मोकळाच सापडतो.

पात्रात काय काय दिसते

आता फोटोकडे परत चला. पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती पात्राची रुंदी. वाळवंटी नदी बहुधा उथळ आणि अफाट रुंद असते, आणि एका धारेऐवजी तिला अनेक धारा असतात. त्या फुटतात, मधे वाळूचे लांबट उंचवटे सोडतात, पुढे पुन्हा एकमेकींत शिरतात. काठ धरून ठेवणारी मुळे नाहीत, आणि वाहून आणलेला माल इतका की तो एका धारेत मावत नाही. आपल्याकडे काठावरची झाडी आणि खालच्या अंगाला खारफुटी माती घट्ट धरतात, म्हणून मांडवी एकाच पात्रातून वळणे घेत जाते.

जवळ गेल्यावर दगड बोलू लागतात. चपटे गोटे पात्रात सहसा सपाट पडलेले नसतात. ते एकमेकांवर अर्धे चढलेले असतात, मंगळुरी कौले बसवावीत तसे, आणि सगळ्यांचा उतार नदीच्या वरच्या अंगाकडे असतो. पाणी चपट्या दगडाला ढकलत नेते, तो कशाला तरी अडून अशा कोनात कलंडतो की आता पाणी त्याला उचलण्याऐवजी दाबते, आणि तिथेच तो स्थिरावतो. नदी शेकडो वर्षांपूर्वी आटली असली तरी या कलण्यावरून ती कुठून कुठे वाहत होती ते भूशास्त्रज्ञ सांगतात. खडकातही ही मांडणी टिकून राहते.

वाळूवरच्या लहान लाटांचेही असेच. त्या पाण्याच्या की वाऱ्याच्या? वाऱ्याच्या लाटांचे कणे लांबच लांब, बऱ्यापैकी सरळ जातात आणि जाड कण कण्याच्या माथ्यावर जमतात, कारण वारा बारीक कण उडवून नेतो. पाण्याच्या लाटांचे कणे आखूड, तुटक, वाकडे असतात. एकाच पात्रात सकाळी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडू शकतात: पुराने केलेल्या खोलगट भागात पाण्याच्या, उंचवट्यावर वाऱ्याच्या.

काठाला पायऱ्यांसारखे सपाट टप्पे असतात. ते जुने तळ. नदी पूर्वी त्या उंचीवरून वाहत होती, नंतर खाली कोरत गेली आणि तळाचा तुकडा वर राहिला. खडकाळ वाळवंटात या टप्प्यांच्या वयाचा अंदाज रंगावरून करता येतो. उघड्या दगडावर हजारो वर्षांत एक काळसर-तपकिरी झिलई चढते. ती धुळीतल्या मातीची आणि मँगनीज व लोहाच्या संयुगांची असते आणि हजार वर्षांत मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच वाढते. म्हणून चालू पात्रातले गोटे फिकट, खालच्या टप्प्यावरचे बदामी आणि सर्वांत वरचे जवळजवळ काळे. वाळवंटातल्या आदिम माणसांनी ही काळी झिलई टोचून खालचा फिकट दगड उघडा केला आणि चित्रे काढली.

इथे थोडे विषयाबाहेर जाते. आपल्याकडे सांगे तालुक्यात उसगाळीमळला, कुशावतीच्या काठावर, जांभ्याच्या सपाट कातळावर अशीच आदिम माणसाने कोरलेली चित्रे आहेत. जनावरे, माणसे आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. नदीकाठचा उघडा दगड पाहिला की तिथे काहीतरी कोरून ठेवावे असे माणसाला वाटते, मग तो वाळवंटातला असो की पावसाळी मुलखातला. आणि दोन्हीकडच्या दगडाला रंग देणाऱ्यांत लोह आहेच. गोव्यात पाऊस इतका की इतर बहुतेक द्रव्ये धुऊन जातात आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहून जांभा तयार होतो, मीटरच्या मीटर जाड. वाळवंटात पाणीच नाही, म्हणून लोहाचा नुसता पातळ हात फिरतो.

भेगा

पूर ओसरला की सखल जागी गढूळ पाणी साचते. जाड कण आधी बसतात, बारीक चिकणमाती शेवटी, सर्वांत वर. मग ऊन लागते. चिकणमाती सुकताना आकसते. खालचा थर ओला असतो, तो आकसायला तयार नसतो. या ओढाताणीत वरचा थर फाटतो. थर जाड असेल तर भेगांमधले तुकडे मोठे पडतात, पातळ असेल तर लहान. पृष्ठभाग खालच्यापेक्षा लवकर आणि जास्त आकसला की तुकड्याच्या कडा वर वळतात, आणि मग पात्रभर मातीच्या वाट्या दिसतात, पायाखाली कुरकुर मोडणाऱ्या.

हे बघायला गोव्याबाहेर जायची गरज नाही. साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव मे महिन्यात पाणी उतरले की वर येते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. तिथे मूळ गावकरी वर्षातून एकदा आपल्या देवळाशी जमतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगते त्या जमिनीकडे बघायला. जोत्यांच्या आणि कोरड्या झाडांच्या बुंध्यांच्या मधे गाळ पसरलेला असतो आणि त्यावर भेगांचे जाळे असते. दोन भेगा कुठे मिळतात तो कोन बघा. पहिल्यांदाच सुकणाऱ्या चिखलात एक भेग आधी जाते, दुसरी येऊन तिला काटकोनात टेकते. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून सुकला तर मात्र भेगा हळूहळू सरकतात, तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनांनी मिळू लागतात आणि तुकडे षटकोनी होत जातात. म्हणजे षटकोन दिसले तर समजावे की इथे ओले-सुके असे चक्र बऱ्याचदा फिरले आहे.

दगड आणि भेगा यांच्या अशा खुणांवरून मंगळाबद्दल केवढे कळले आहे! नासाच्या क्युरिऑसिटी या गाडीला २०१२ मध्ये, मंगळावर उतरल्यानंतर काही आठवड्यांतच, एका खडकात गोल झिजलेले खडे घट्ट रुतलेले सापडले. वारा एवढे मोठे खडे उचलून असे गोल करू शकत नाही. ते वाहत्या पाण्याचे काम होते, घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असलेल्या ओढ्याचे. पुढे त्याच गाडीने षटकोनी भेगांचा जुना चिखल टिपला आणि २०२३ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला: मंगळावर त्या जागी ओले आणि कोरडे दिवस पुन्हा पुन्हा येत होते. आज मंगळावर वाहते पाणी नाही. तरी तिथली नदी वाचता आली, कारण पृथ्वीवरच्या कोरड्या पात्रांत माणसे वर्षानुवर्षे उकिडवी बसून दगड आणि भेगा बघत आली होती.

वारा आणि पूर यांची झुंज

पूर काही तासांचा, वारा वर्षभराचा. कोरड्या पात्रातली वाळू वारा उचलतो आणि काठाला टेकड्या उभ्या करतो. मग नदीने पुन्हा यायचे आणि त्या पुसायच्या. ही झुंज पाहावी तर नामिबियातल्या कुइसेबवर. उपग्रहाच्या चित्रात ती एक रेघ दिसते: दक्षिणेला तांबूस वाळूच्या टेकड्यांचा समुद्र, उत्तरेला खड्यांचे करडे मैदान. टेकड्या उत्तरेकडे सरकू पाहतात आणि नदीच्या पात्रात कोसळतात; कुइसेबला पूर आला की ती वाळू वाहून जाते आणि टेकड्या अलीकडच्या काठावरच थोपतात. समुद्राजवळ, जिथपर्यंत पूर क्वचितच पोचतो, तिथे मात्र टेकड्यांनी नदी ओलांडली आहे. वर्षातून थोडे दिवस वाहणारी नदी एवढ्या मोठ्या वाळूला अडवते.

त्याच वाळवंटात त्साउचाब नदी हरली. टेकड्यांनी तिची वाट अडवली आणि ती आता मधेच, चिकणमातीच्या सपाट तळात संपते. तिच्यापासून तुटलेल्या एका तळाला डेडव्ले म्हणतात. पांढरी भेगाळलेली जमीन, मागे केशरी टेकड्या आणि मधे काळे, निष्पर्ण बाभूळवर्गीय वृक्ष. ते सहा-सातशे वर्षांपूर्वी मेले. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजवणाऱ्या जीवांनाही तिथे जगता आले नाही, म्हणून झाडे उभी आहेत. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त हलवून जाते ते हेच दृश्य. आपल्याकडे पडलेले झाड दोन पावसाळ्यांत भुगा होऊन मातीला मिळते.

असले दृश्य डोळ्याला इतके धारदार का वाटते, त्याचे कारण हवेत आहे. गोव्यात हवेत बाष्प भरपूर असते. बाष्पाने फुगलेले सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, दूरचा डोंगर फिकट होतो, सावलीच्या कडा मऊ पडतात. कोरड्या हवेत, धूळ नसेल त्या दिवशी, दहा किलोमीटरवरची कडाही नीट दिसते आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाळूच्या बोटभर लाटेलासुद्धा स्वतःची सावली मिळते. दुपारी बाराला तेच पात्र सपाट, निर्जीव दिसेल.

वाळूखालचे पाणी

मुरलेले पाणी नाहीसे होत नाही. वाळूत खाली गेल्यावर ते उन्हापासून सुटते. साधारण दोन फुटांखालचे पाणी वाफ होऊन जाण्याचे प्रमाण फारच कमी होते. जाड वाळूच्या थरात त्याच्या आकारमानाच्या पाव भागाइतके किंवा त्याहून जास्त पाणी मावते. म्हणजे कोरडे दिसणारे पात्र ही झाकलेली टाकी असते. मराठवाड्यात, सोलापुराकडे बायका नदीच्या वाळूत झिरे खणून हंडा भरतात ते याच टाकीतून. केनियात कितुईच्या भागात पात्राला आडवी बुटकी भिंत बांधतात. पूर येतो, भिंतीमागे वाळू साचते, आणि ती साचावी हाच हेतू असतो: नंतर महिनोन्महिने त्या वाळूत पाणी टिकते. आपल्याकडच्या बंधाऱ्यात गाळ साचला की तो काढावा लागतो, तिथे तो मुद्दाम साचवतात.

फोटोतली दूरची झाडांची रांग या पाण्यावर उभी असते. राजस्थानात खेजडी, म्हणजे आपली शमी, मुळे कित्येक मीटर खोल सोडते. कुइसेबच्या काठी आफ्रिकेतले आना नावाचे झाड आहे, तेही शेंगांचे. ते कोरड्या ऋतूत हिरवे होते आणि पावसात पाने गाळते. इतर काही खायला नसते तेव्हा त्याच्या शेंगा गुरांना आणि हत्तींना मिळतात.

जमिनीखाली काय आहे यावर वाळवंटात सगळे ठरते. बाडमेर-जैसलमेरकडे काही ठिकाणी वाळूच्या थोड्या खाली जिप्समचा किंवा चिकण मातीचा अभेद्य पट्टा असतो. पावसाचे गोडे पाणी त्याच्यावर अडते, खालच्या खाऱ्या भूजलात मिसळत नाही. तिथली माणसे त्या पट्ट्यापर्यंत अरुंद तोंडाच्या उथळ विहिरी, म्हणजे बेऱ्या, खणतात आणि ते झिरपलेले गोडे पाणी पितात. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या दुपटीएवढा पाऊस झाला, कवास गाव बुडाले, शंभरावर माणसे गेली. आणि पाणी महिनोन्महिने उतरेना, कारण त्या भागातही खाली जिप्समचा तोच अभेद्य पट्टा. जो थर एरवी घोटभर गोडे पाणी राखतो त्याने पूरही धरून ठेवला. कोरडे पात्र आणि सखल तळ मोकळेच आहेत असे समजून तिथे घर, रस्ता, वस्ती उभी राहते तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे.

मला राग येतो तो या पात्रांना कोणी वाली नाही असे गृहीत धरले जाते याचा. पाली-बालोतराच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे लुणीत आणि तिच्या उपनद्यांत सोडले गेले. ज्या नदीत वाहून न्यायला पाणी नाही तिथे रंग आणि रसायने पुढे जात नाहीत; ती त्याच वाळूतून विहिरींत उतरतात. दुसरे, बजरी. बांधकामाला लागणारी वाळू तिकडे या नावाने विकली जाते आणि पात्रेच्या पात्रे खरवडली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातले नदीपात्रातले वाळू उत्खनन रोखले, ते याच मुद्द्यावर: काढलेली वाळू नदी किती दिवसांत पुन्हा भरून देते याचा शास्त्रीय अभ्यास आधी करा. सतत वाहणारी नदी दर पावसाळ्यात थोडी तरी वाळू आणते. लुणीला त्यासाठी मोठ्या पुराची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत काठच्या विहिरींची टाकीच लहान झालेली असते. शापोरा आणि तेरेखोलच्या काठी राहणाऱ्यांना वाळू उपशाने काठ कसे ढासळतात ते सांगायला नको. इथे निदान पाणी उरते.

राजस्थानला जाणार असाल तर लुणी जोधपूर-बाडमेर वाटेवर बालोतऱ्याजवळ सहज बघता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, आणि दिवसाची पहिली किंवा शेवटची दोन तासांची वेळ. पावसाळ्यात पात्रात गाडी घालू नये, तंबू तर मुळीच ठोकू नये, आभाळ कितीही स्वच्छ असले तरी. ज्यांना तेवढ्या लांब जायचे नाही त्यांच्यासाठी एप्रिल-मेमधले सत्तरीतले व्हाळ आहेतच. पात्रात उतरा, मुठीएवढे चपटे गोटे जिथे गर्दीने पडले आहेत अशी जागा शोधा आणि ते कुठल्या अंगाला कलले आहेत ते बघा, मग घाट कुठल्या बाजूला आहे तिकडे नजर टाका. खडकाळ जागी रांजणखळगे सापडतील, भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले. एखाद्याच्या तळाशी तो गोटा अजून असेल, तो उचलून घरी आणू नका. जूनमध्ये पाणी आले की त्याला तिथे काम आहे.